नॉमिनेशन 10,000 चे, शेड्यूल 6,000 चे: अमेरिकी पाइपलाइनवर ‘कन्फर्म’ नेमके कोण करते?

पुणे_रात्रपाळी

नमस्कार. मी पुण्यातून अमेरिकेतील एका वायुव्यापारी कंपनीचे शेड्यूलिंगचे काम पाहतो. खरेदी-विक्रीचे सौदे तिकडचे लोक करतात. त्या सौद्यांतील नैसर्गिक वायू कोणत्या पाइपलाइनने, कोणत्या करारावर, कुठून कुठे जाणार याची नॉमिनेशन भरणे आणि निकाल लागेपर्यंत त्यांचा पाठपुरावा करणे हे आमच्या गटाकडे असते. नियम वाचलेले आहेत, परंतु या आठवड्यात तीन आकडे असे समोर आले की त्यांचा मेळ लावता आला नाही, म्हणून तपशिलासह विचारतो. इंधनकपात बाजूला ठेवून आकडे गोल दिले आहेत.

एका आंतरराज्य पाइपलाइनवर आमचा दिवसाला 10,000 डेकाथर्मचा (डेकाथर्म हे वायूतील उष्णता मोजण्याचे एकक) फर्म करार आहे, म्हणजे तेवढी क्षमता आमच्यासाठी राखीव असते. वायू एका प्रक्रिया प्रकल्पाच्या बाहेरील बिंदूवर पाइपलाइनमध्ये येतो आणि एका शहराच्या वायुवितरण कंपनीच्या सिटी गेटवर बाहेर पडतो. हे दोन्ही बिंदू करारात प्राथमिक म्हणून नोंदलेले आहेत. शनिवार ते सोमवार आम्ही रोज 6,000 नेत होतो. मंगळवारी थंडी वाढणार म्हणून सोमवारी टाइमली सायकलमध्ये, म्हणजे आदल्या दिवशीच्या पहिल्या फेरीत, 10,000 चे नॉमिनेशन दिले आणि निकाल, म्हणजे पाइपलाइनने मंजूर (शेड्यूल) केलेला आकडा, आला 6,000. पुरवठादार ठामपणे सांगतो की त्यानेही प्रकल्पाला 10,000 चीच सूचना दिली होती. त्यानंतरच्या इव्हिनिंग सायकलचा निकालही तोच राहिला. मंगळवारी इंट्राडे-2 मध्ये, म्हणजे दिवस सुरू झाल्यावरच्या दुसऱ्या फेरीत, पुन्हा 10,000 मागितले तेव्हा 8,500 मिळाले.

तिसरा आकडा वेगळ्या कराराचा आहे. इंटरप्टिबल करारावर, म्हणजे जागा उरली तरच वायू नेणाऱ्या करारावर, आमचे 4,800 शेड्यूल झालेले होते, ते इंट्राडे-1 नंतर 1,000 वर आले. शून्य केले असते तर समजले असते. हे 1,000 कुठून आले? आणि मूळ शंका अशी की फर्म करारासाठी आम्ही दरमहा क्षमतेचे भाडे भरतो, वायू वाहो वा न वाहो; मग पाइपलाइन त्यात कपात कशी करू शकते?

ह्यूस्टनकर

पहिल्या आकड्याचे उत्तर बहुधा तुमच्याच मजकुरात आहे. शनिवार ते सोमवार जे प्रमाण चालू होते, तेच मंगळवारी जसेच्या तसे परत आले. पाइपलाइनची क्षमता कमी पडल्यामुळे कपात झाली असती, तर ती इतकी नेमकी जुन्या आकड्यावर येऊन थांबली नसती. तुमच्या मागणीला पलीकडून उत्तरच आले नाही, असा माझा अंदाज आहे.

नॉमिनेशन ही केवळ विनंती असते. तिच्यात कराराचा क्रमांक, आवक बिंदू, जावक बिंदू, प्रमाण, वरच्या बाजूला वायू देणारा कोण आणि खालच्या बाजूला घेणारा कोण हे असते. पाइपलाइन आधी करार वैध आहे का ते पाहते, मग त्या मार्गावर क्षमता आहे का ते पाहते, आणि शेवटी दोन्ही टोकांच्या बिंदू-चालकांना, म्हणजे ते बिंदू चालवणाऱ्या कंपन्यांना, विचारते की अमुक शिपरचा, म्हणजे वायू पाठवणाऱ्या ग्राहकाचा, इतका वायू तुम्ही देणार किंवा घेणार आहात का. या शेवटच्या पायरीला कन्फर्मेशन म्हणतात. फर्म करार तुम्हाला मधल्या पायरीवर प्राधान्य देतो. शेवटच्या पायरीवर त्याचा काही उपयोग नाही, कारण प्रक्रिया प्रकल्पाचा चालक तुमच्या वाहतूक करारात पक्षकारच नसतो. खरेदीखतावर एका बाजूची सही कितीही ठसठशीत असली तरी दुसऱ्या बाजूची सही झाल्याशिवाय व्यवहार उभा राहत नाही, तसेच हे आहे. त्यामुळे ‘पाइपलाइनने कपात केली’ असे म्हणण्यापेक्षा ‘बिंदूवर कपात झाली’ असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. निकालासोबत येणारा कपातीचा कारण-संकेत उघडून पाहा. क्षमतेची कपात आणि कन्फर्मेशनची कपात यांचे संकेत वेगळे असतात.

आता 6,000 च का, ते पाहू. नॉर्थ अमेरिकन एनर्जी स्टँडर्ड्स बोर्ड, म्हणजे आपल्या बोलण्यातील ‘नेस्बी’, हिच्या मानकांनुसार टाइमली सायकलमध्ये वेगळा करार नसेल तर दोन बाजूंनी सांगितलेल्या प्रमाणांपैकी लहान प्रमाण कन्फर्म धरले जाते. एका बाजूने उत्तरच दिले नाही, तर कन्फर्मेशनमधील प्रमाण आणि आधी शेड्यूल झालेले प्रमाण यांतील जे लहान असेल ते घेतले जाते. तुमच्याकडे 10,000 आणि 6,000 हे दोन आकडे होते, म्हणून 6,000. याच नियमाची दुसरी बाजू अशी की आदल्या दिवशी त्या बिंदूवर तुमचे काहीच शेड्यूल नसते, तर तुम्हाला शून्य मिळाले असते. नव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला, म्हणजे सगळे सौदे आणि करार बदलतात त्या दिवशी, नवखे शेड्युलर याच कारणाने हैराण होतात.

गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की मौनाचा अर्थ सर्वत्र एकच नसतो. काही बिंदूंवर दोन्ही चालकांनी आपसांत ठरवलेले असते की हरकत आली नाही तर मागणी मान्य समजावी. त्याला कन्फर्मेशन बाय एक्सेप्शन म्हणतात. मोठ्या पाइपलाइनी जिथे एकमेकींना मिळतात तिथे ही देवाणघेवाण संगणकांमधून आपोआप होते. लहान प्रक्रिया प्रकल्पात मात्र अनेकदा एक माणूस पडद्यासमोर बसून ओळीमागून ओळ तपासत असतो. आपल्या प्रत्येक आवक बिंदूवर यांपैकी कोणती पद्धत चालते, याची नोंद गटाकडे लिहून ठेवलेली असावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

पुरवठादाराचे म्हणणे खोटे असेलच असे नाही. त्याने 10,000 सांगितले असतील, परंतु तुमच्या कराराऐवजी दुसरा क्रमांक किंवा त्याच कंपनीची दुसरी उपकंपनी खालच्या बाजूला लिहिली असेल, तरी प्रकल्पाच्या चालकाला जुळणारी जोडी सापडत नाही. म्हणून ‘किती दिले’ यापेक्षा ‘कोणाच्या नावाने, कोणत्या करारावर दिले’ हे आधी विचारावे. आणखी एक क्षेत्र लोक सवयीने सारखेच भरून टाकतात, ते म्हणजे रँक. वरून वायू कमी आला तर तुमच्या अनेक नॉमिनेशनांपैकी आधी कोणते कापायचे, हे पाइपलाइन त्या क्रमांकावरून ठरवते. सगळ्यांना एकच रँक दिली तर ज्यात तूट पडली तर दंड सर्वांत महाग, तेही बाकीच्यांबरोबर प्रमाणात कापले जाते.

वायुगणित

वरील उत्तराशी सहमत. उरलेले दोन आकडे घड्याळातून निघतात.

अमेरिकेत गॅस डे, म्हणजे वायूचा हिशेबी दिवस, मध्य विभागाच्या घड्याळानुसार सकाळी 9 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 9 असा असतो, मग पाइपलाइन न्यूयॉर्कमधील असो वा कॅलिफोर्नियातील. आदल्या दिवशी टाइमली सायकलची मुदत दुपारी 1 वाजता संपते, कन्फर्मेशन साडेचारपर्यंत आणि निकाल 5 वाजता. इव्हिनिंगचे नॉमिनेशन संध्याकाळी 6 पर्यंत आणि निकाल रात्री 9 वाजता. गॅस डे सुरू झाल्यावर तीन संधी मिळतात: इंट्राडे-1 ची मुदत सकाळी 10 असून तिचा परिणाम दुपारी 2 पासून लागू होतो, इंट्राडे-2 ची मुदत दुपारी अडीच आणि परिणाम संध्याकाळी 6 पासून, इंट्राडे-3 ची मुदत संध्याकाळी 7 आणि परिणाम रात्री 10 पासून.

नॉमिनेशन कोणत्याही सायकलमध्ये दिले तरी आकडा पूर्ण दिवसाचा असतो, आणि वायू दिवसभर समान गतीने वाहतो असे गृहीत धरतात. दुपारी 2 वाजेपर्यंत दिवसाचे 5 तास उलटलेले असतात. तुमच्या 4,800 चा चोविसावा भाग 200, त्याचे 5 तासांचे 1,000. तेवढा वायू कागदोपत्री वाहून गेलेला आहे, त्यामुळे शेड्यूल त्याखाली नेता येत नाही. नेस्बीच्या भाषेत हे उलटलेल्या वेळेच्या प्रमाणातील शेड्यूल होय. कुणीतरी फर्म शिपर इंट्राडे-1 मध्ये आला, त्याला जागा देण्यासाठी तुमचे इंटरप्टिबल प्रमाण दुपारी 2 नंतर पूर्ण काढून घेतले गेले, आणि उरले ते हे 1,000. याला बम्प म्हणतात. इव्हिनिंग, इंट्राडे-1 आणि इंट्राडे-2 मध्ये फर्म शिपर इंटरप्टिबलला बाजूला सारू शकतो. इंट्राडे-3 मध्ये नाही. त्यामुळे इंट्राडे-2 चा निकाल लागल्यानंतर इंटरप्टिबल वायूला फर्म शिपरकडून धोका उरत नाही.

8,500 ची गोष्ट याच गणिताची दुसरी बाजू आहे. 6,000 च्या गतीने, म्हणजे ताशी 250, संध्याकाळी 6 पर्यंतच्या 9 तासांत 2,250 गेले. उरलेल्या 15 तासांत तुमच्या कराराची समान ताशी मर्यादा सुमारे 417 आहे, म्हणजे आणखी 6,250. बेरीज 8,500. पाइपलाइनने तुम्हाला करारापेक्षा कमी दिले नाही. मागच्या 9 तासांत न वापरलेली क्षमता संध्याकाळी भरून देण्यास ती बांधील नव्हती, एवढेच. काही पाइपलाइनी जागा असल्यास अशी सूट देतात, आणि ताशी जास्त प्रवाहाचा हक्क देणाऱ्या महागड्या सेवाही विकल्या जातात, परंतु साध्या फर्म करारात तो हक्क गृहीत धरू नये.

आजचे हे वेळापत्रक दिसते तितके जुने नाही. 1992 साली फर्क, म्हणजे संघीय ऊर्जा नियामक आयोगाने, आदेश क्रमांक 636 काढून पाइपलाइन कंपन्यांची वायूविक्री आणि वाहतूक ही कामे वेगळी केली, तेव्हापासून शिपर नावाच्या स्वतंत्र ग्राहकाला खरे महत्त्व आले. पूर्वी पाइपलाइन स्वतःच वायू विकत घेऊन पुढे विकत असे, त्यामुळे असे प्रश्न तिच्या घरातच मिटत. पुढे प्रत्येक कंपनीची मुदत वेगळी, नमुना वेगळा, अशी अवस्था झाली, आणि 1996 च्या आदेश क्रमांक 587 ने उद्योगाने बनवलेली समान मानके बंधनकारक केली. आजच्या मुदती 1 एप्रिल 2016 पासूनच्या आहेत. 2015 च्या आदेश क्रमांक 809 ने टाइमलीची मुदत साडेअकरावरून दुपारी 1 वर नेली आणि दोनाऐवजी तीन इंट्राडे दिल्या. वीजकेंद्रांना सकाळच्या मागणीच्या वेळी वायू अपुरा पडू नये म्हणून गॅस डे पहाटे 4 ला सुरू करण्याचाही प्रस्ताव होता. तो आयोगाने स्वीकारला नाही. माझ्या मते वायुउद्योगाच्या सोयीला त्यात जरा जास्तच वजन मिळाले, पण तो वाद वेगळा.

पुणे_रात्रपाळी

दोघांचेही आभार. कारण-संकेत पाहिला, तो कन्फर्मेशनचाच आहे, आणि प्रकल्पाच्या चालकाने टाइमली व इव्हिनिंग या दोन्ही वेळी उत्तर दिलेले नव्हते, असे पुरवठादाराने आता कळवले आहे. एक पुढचा प्रश्न. मंगळवारी वितरण कंपनीने आमच्या भरवशावर 10,000 काढले असतील आणि शेड्यूल 8,500 असेल, तर 1,500 ची तूट कोणाच्या खात्यावर जाते?

ह्यूस्टनकर

ते सिटी गेटवरील करारावर अवलंबून आहे. बहुतेक मोठ्या बिंदूंवर पाइपलाइन आणि बिंदू-चालक यांच्यात परिचालन समतोल करार, म्हणजे ओबीए, असतो. तो असेल तर शिपरच्या खात्यात शेड्यूल झालेलेच प्रमाण पोहोचले असे धरतात, आणि मीटरवरील प्रत्यक्ष आकडा व शेड्यूल यांतील फरक ते दोन चालक आपसांत मिटवतात. अशा वेळी तुमची जबाबदारी पाइपलाइनशी नसून विक्री कराराखाली वितरण कंपनीशी राहते: तुम्ही 10,000 विकले आणि 8,500 पोहोचवले. ओबीए नसेल, उदाहरणार्थ एखादे वीजकेंद्र थेट पाइपलाइनवर असेल, तर मोजलेला वायू ठरलेल्या वाटणीप्रमाणे तुमच्या खात्यावर पडतो आणि तूट तुमची. महिनाअखेरीस ती रोखीत मिटवताना तूट जितकी मोठी तितका दर कडक, अशा पायऱ्या टॅरिफमध्ये, म्हणजे पाइपलाइनच्या दर व अटींच्या दस्तऐवजात, असतात. कडाक्याच्या थंडीत पाइपलाइन ऑपरेशनल फ्लो ऑर्डर, म्हणजे शेड्यूलला धरूनच वायू काढण्याचा सक्तीचा आदेश, काढते, तेव्हा मात्र महिनाअखेरची वाट पाहिली जात नाही. रोजच्या रोज दंड लागतो आणि तो वायूच्या किमतीच्या कित्येक पट असू शकतो. म्हणून थंडीच्या इशाऱ्याच्या दिवशी मी आधी आदेशांची पाटी वाचतो आणि मग नॉमिनेशनला हात लावतो.

इंधनाचे एक सांगायचे राहिले. तुम्ही ते बाजूला ठेवले हे ठीक, परंतु प्रत्यक्षात कॉम्प्रेसर चालवण्यासाठी पाइपलाइन शिपरच्या वायूतूनच टक्केवारी कापून घेते. 2 टक्के कपात असेल आणि बाहेर 10,000 हवे असतील तर आत 10,204 घालावे लागतात. पुरवठादाराने 10,000 आणि तुम्ही 10,204 लिहिले की लहान आकड्याचा नियम पुन्हा लागतो, आणि जावक बिंदूवर 9,800 च निघतात. हे 200 डेकाथर्म रोज दिसतात, पण कोणी विचारत नाही.

उरणकर

मी भारतातील एका शिपरकडे काम करतो, म्हणून थोडी तुलना. आपल्याकडे गॅस डे सकाळी 6 ते 6 असतो, आणि पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या 2008 च्या नियमांनी इतरांना पाइपलाइन वापरू देण्याची चौकट घातली आहे. वाहतूक करार, आरक्षित क्षमता, न वापरताही भाडे, असमतोलाचे शुल्क, हे सगळे ओळखीचे वाटेल. दोन पाइपलाइनींच्या सांध्यावरचा प्रश्नही आहे: काकीनाड्याहून भरुचकडे जाणारी पूर्व-पश्चिम पाइपलाइन ठाणे जिल्ह्यात म्हसकळ येथे ‘गेल’ या सरकारी वायुकंपनीच्या दहेज-उरण पाइपलाइनला मिळते, आणि तिथून वायू घ्यायचा तर दोन्ही वाहतूकदारांकडील आकडे जुळावे लागतात. जून 2020 मध्ये इंडियन गॅस एक्स्चेंज सुरू झाल्यापासून लहान मुदतीचे सौदे वाढले आहेत आणि त्यांच्याबरोबर अशा जुळवणीचे कामही. मात्र दिवसभरात फर्म शिपरने इंटरप्टिबलला ठरलेल्या वेळी बाजूला सारायचे, इतकी बांधेसूद सायकल-पद्धत आपल्या रोजच्या कामात नाही. बरेचसे अजून वाहतूकदाराच्या नियंत्रण कक्षाला केलेल्या फोनवर मिटते, आणि खरे सांगायचे तर ते नेहमी वाईटच असते असे नाही.

वायुगणित

फोन अमेरिकेतही लागतो. पुण्याच्या गटासाठी दोन गोष्टी सुचवतो.

पहिली शनिवार-रविवारची. पाइपलाइन वर्षातील प्रत्येक दिवशी नॉमिनेशन घेते, परंतु वायूचे सौदे मुख्यतः कामाच्या दिवशी होतात, आणि शुक्रवारचा सौदा शनिवार, रविवार, सोमवार या तिन्ही दिवसांचा समान प्रमाणाचा असतो. सोमवारी सुट्टी असेल तर चार दिवसांचा. फेब्रुवारी 2021 च्या ‘उरी’ नावाच्या हिमवादळात नेमके हेच झाले: शुक्रवार 12 फेब्रुवारीच्या सौद्यांनी मंगळवार 16 पर्यंतचा काळ व्यापला होता, कारण सोमवारी प्रेसिडेंट्स डे होता, आणि त्या चार दिवसांत टेक्सासमधील विहिरी व प्रक्रिया प्रकल्प गोठत गेले. कागदावर शेड्यूल झालेला वायू बिंदूवर आलाच नाही, म्हणून कपाती सायकलमागून सायकल होत राहिल्या, आणि बदली वायू विकणारे फार थोडे जण सुट्टीत फोनवर होते. 2022 चे एलियट वादळ नाताळच्या सुट्टीत आले. लांब सुट्टीच्या आधीच्या शुक्रवारी प्रत्येक पुरवठादाराच्या शेड्युलरचा आणि प्रत्येक लहान प्रकल्पाच्या चालकाचा सुट्टीतला फोन क्रमांक गटाकडे असलाच पाहिजे. तुमच्या मंगळवारच्या बाबतीत कन्फर्मेशनची मुदत संपण्याआधी असा एक फोन झाला असता तर बाकीचे गणित करावेच लागले नसते.

दुसरी गोष्ट पाळीची. टाइमलीची मुदत दुपारी 1 ही तिकडच्या घड्याळाने ठरते, आणि ते घड्याळ मार्चमध्ये एक तास पुढे जाते. हिवाळ्यात पुण्यात ती मध्यरात्रीनंतर साडेबाराला, म्हणजे पुढच्या तारखेला येते. उन्हाळ्यात आदल्या रात्री साडेअकराला. कन्फर्मेशनची मुदत हिवाळ्यात पहाटे 4 ला आणि इव्हिनिंगची साडेपाचला पडते, त्यामुळे पहाटे 5 ला संपणारी पाळी टाइमलीचा निकाल पाहू शकते, पण तो दुरुस्त करायला तिच्या हाती फारसा वेळ राहत नाही. शक्य असेल तर ती पाळी निदान 6 पर्यंत ठेवा. आणि मार्चमध्ये घड्याळ बदलते त्या शनिवारचा गॅस डे 23 तासांचा, नोव्हेंबरमधील 25 तासांचा असतो. त्या दोन दिवशी वरची भागाकाराची रीत चोविसाने चालवू नका.